हाताला लागेल तो

आचऱ्याच्या तिठ्यावर कुणाला पत्ता लागू न देता एक कोंबडी विकत घेऊन दाखवा, निवृत्तीच्या दिवशी मला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तुम्हाला बक्षीस. ते तसंही दहा मिनिटं मागे चालतं.

ही पैज लावायचा मला अधिकार आहे, कारण नोकरीची शेवटची चार वर्षं मी तेच काम केलं. मी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. त्याआधीची सगळी वर्षं विहिरींचं पाणी तपासण्यात गेली. मग एक दिवस आमच्या डॉक्टरसाहेबांनी बोलावून सांगितलं की आता दुकानातली कोंबडी तपासायची. ताजी की शिळी ते नव्हे, तर तिच्या अंगावरचे जंतू कुठल्या औषधाला दाद देतात आणि कुठल्या औषधाला जुमानत नाहीत, ते बघायचं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्या कोंबडेक आता औषध कित्याक?"

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. हजारोंनी कोंबड्या पाळतात तिथे त्या आजारी पडू नयेत, लवकर भराव्यात म्हणून कितीतरी ठिकाणी खाद्यापाण्यातून अँटिबायोटिक देतात. त्याने बरेच जंतू मरतात. जे मरत नाहीत ते मागे उरतात आणि त्यांचंच राज्य सुरू होतं. हे निगरगट्ट जंतू मांसाबरोबर दुकानात येतात, सुरीवर बसतात, आपल्या ओट्यावर येतात. नीट शिजवलं की तेही मरतात, पण कच्चं मांस कापलेल्या सुरीने काकडी चिरली तर ते पोटात जातात. मग कधी त्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की नेहमीची गोळी लागू पडत नाही. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी कोंबडीची सुरी वेगळी करून तिच्या मुठीला लाल दोरा बांधला. सरकारी सूचनेची इतकी तातडीची अंमलबजावणी मी उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

कामाची रीत साधी होती. दुकानातून मांस आणायचं, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायचं. तिथे त्यातलं पंचवीस ग्रॅम तोलून जंतूंना मानवेल अशा पाण्यात घालायचं आणि रात्रभर उबदार कपाटात ठेवायचं. त्यातून जंतू वेगळे काढायचे, काचेच्या बशीत एकसारखे पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवायच्या, एकेका औषधाची एकेक. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उजेडाला धरायची. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं. चंद्राला पडतं तसं. आम्ही त्याला खळंच म्हणायचो. खळं मोठं असेल तर जीव सुखावायचा. जंतू टिकलीला चिकटून वाढलेले दिसले तरी पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं.

सकाळी साडेनऊला खिडकीपाशी उभं राहून बशी उजेडाला धरायची, तो क्षण मला अजून आठवतो. आता त्या वेळेला मी तांदूळ निवडते. तांदूळ निवडण्यात वाईट काहीच नाही, पण हात शिवशिवतात.

नमुना आणायचा नियम मात्र कडक होता. साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, पक्षी निवडायचा नाही, दुकानदाराला निवडू द्यायचा नाही. नमुन्याच्या कागदावर एक रकाना होता, 'नमुना कसा घेतला'. त्यात मी दरवेळी लिहायचे : हाताला लागेल तो.

हे नियम मोठ्या शहरात बसून कुणीतरी केले होते. आमच्याकडे एसटीत बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसलं की कुणी गप्प बसत नाही. एकदा खारेपाटणहून येताना शेजारच्या बाईने विचारलं, "बाय, बांगडे कशे?" मी म्हटलं, "विकूचे नाय." तर ती म्हणाली, "मगे काय मिरवूक नेतंस?" त्या दिवशी अख्ख्या गाडीने माझ्या पेटीत काय असेल यावर चर्चा केली. शेवटी कंडक्टरने रक्ताच्या बाटल्या आहेत असा निकाल दिला आणि मला उतरायला सगळ्यांनी अदबीने वाट दिली.

आचऱ्याला माझा बुधवार असायचा. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापासून थोडं आत बाबलचं दुकान. पुढे पत्र्याची पडवी, त्यात बॉयलर कोंबड्यांचे पिंजरे, मागे नारळीची चार झाडं आणि त्याचं घर. पहिल्या खेपेला मी जेमतेम दोन मिनिटं गिऱ्हाईक होते. कोंबडी मागितली तशी बाबलने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मसुऱ्याच्या तात्या मास्तरांचा चेडू मां गो तू?"

नाही कसं म्हणणार? नाक वडिलांचंच, तात्यांचंच आहे.

"आमच्या हिचा म्हायार मसुऱ्यात. म्हणजे तू माझी मेवणी झालंस. सुलू, गो सुलू, भायर ये! तुझ्या गावचा चेडू इलासा!"

संपलं. सुलूताई पदराला हात पुसत आली, मला आत घेऊन गेली आणि त्या बुधवारपासून मागच्या पायरीवर माझी जागा पक्की झाली. बाबल भावजी झाला. मी सरकारी दवाखान्याकडे कुठेतरी कामाला आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. दर बुधवारी घरी कोंबडी लागते याचं त्यांना कौतुक होतं. "खातंस इतक्या, मगे अंगाक लागना कसा नाय?" सुलूताई विचारायची. मी हसायचे. ती चहा ठेवायची, मसुऱ्याच्या बातम्या विचारायची, कुणाच्या काजूला यंदा मोहर आला, कुणाच्या विहिरीला पाणी कमी झालं. तिला माहेरी जाऊन वर्षं उलटलेली असायची, म्हणून मी बुधवारच्या आधी मुद्दाम मसुऱ्याला फोन करून बातम्या गोळा करायचे. ते कामाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

तोवर बाबल मागे जाऊन कोंबडी कापून, साफ करून, तुकडे करून पिशवी आणून द्यायचा. बाईमाणसासमोर कापू नये म्हणून तो आडोशाला जातो, असं मी समजले. पहिल्या एकदोनदा त्याने तुकडे धुवून वर हळद-मीठही चोळलं होतं. मी घाईघाईने सांगितलं, "भावजी, धुवू नकात, हळद लावू नकात. घराक जावन मी करतंय मां." त्याने ऐकलं. आपण नमुना शाबूत राखला म्हणून मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

आणि काय सांगू, बाबलच्या कोंबडीची खळी बघत राहावीशी असायची. एकेक टिकलीभोवती गरगरीत, मोठं. घाटाच्या पायथ्याच्या बाजारांतून आलेले नमुने बघावेत तर तीन-तीन औषधांना खळंच नाही, आणि आचऱ्याचा बुधवार लख्ख. अशी तीन वर्षं गेली. मी त्याचा तक्ता केला, हिरव्या पेन्सिलीने रंगवला. बैठकीत डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "मॅडम, किनाऱ्यावरचं चिकन इतकं वेगळं का?" साहेब घाटावरचे. मी ऐटीत म्हटलं, "सर, आमच्या समुद्राची हवा." सगळे हसले, पण मला ते अर्धंमुर्धं खरंच वाटत होतं. निवृत्तीला सात महिने राहिले होते. जाताना आपल्या नावावर हा एक हिरवा तक्ता राहील, याचं मला फार अप्रूप होतं.

मग मला ताप आला आणि एका बुधवारी आचऱ्याला शिंदे गेले. शिंदे साताऱ्याकडून बदलीवर आलेले, पन्नाशीचे, अबोल, हाताने स्वच्छ. त्यांच्या नमुन्याला चार औषधांची खळी गायब. मी कामावर आल्यावर वही पाहिली आणि शिंद्यांनाच फैलावर घेतलं. पेटी नीट पुसली होती का, बर्फ होता का, हात धुतले होते का? त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा हात धुवून दाखवायला लावले. ते बिचारे धुवून उभे राहिले. ती शरम मला आजही आहे. पुढच्या बुधवारी मी गेले, खळी लख्ख. त्यापुढच्या बुधवारी साहेबांनी मुद्दाम शिंद्यांना पाठवलं, खळी गायब. साहेब माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मॅडम, समुद्राची हवा फक्त तुम्हालाच लागते का?"

मी एका शुक्रवारी न सांगता आचऱ्याला गेले. मला बघून बाबल गडबडला.

"आज शुक्रवार मां गो?"

"हय. पावणे इलेत," मी थाप मारली.

"मगे फोन करूचो मां! तुझो कोंबो अजून धरूक नाय. थांब, राखणेचो ठेवलंय, तोच कापतंय."

राखण म्हणजे गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. त्याला कोंबडा लागतो तो गावठी, घरच्या भातावर, अंगणातल्या किड्यामुंग्यांवर वाढलेला. पांढरा बॉयलर देवाला चालत नाही. दुकानामागे नारळीखाली सुलूताईचं एक खुराडं होतं. तीन वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायले होते.

"भावजी," मी म्हटलं, "माका पिंजऱ्यातलो चलात. हाताक लागात तो दिया."

बाबलने पिंजऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यो? ह्यो तुका? ह्यो गिऱ्हायकांका गो. जो देवाक देतंय तोच तुका देतंय, पयल्या दिवसापासून. मसुऱ्याची म्हायारवाशीण तू. तुका बॉयलर घालून माका खंय जावचा आसा?"

पैसे तो बॉयलरचेच घेत आला होता. सुलूताई दारात उभी होती, तिच्या तोंडावर लबाडी पकडली गेल्याचं हसू होतं.

मसुऱ्यात जन्मलेल्या बाईला गावठी आणि बॉयलर ओळखता येऊ नये, यासारखी नाचक्की नाही. मांस लालसर होतं, हाड टणक होतं, कात्री अडायची. घरी शिजवलं असतं तर दुसऱ्या शिट्टीला कळलं असतं. पण मी त्यातला एकही तुकडा कधी शिजवला नाही. माझ्या पिशवीत कोंबडा कधी नव्हताच, नमुना होता. सासूबाईंनी एकदा पिशवीत डोकावलं असतं तरी माझा हिरवा तक्ता पहिल्याच महिन्यात पांढरा झाला असता.

सहाएक महिन्यांनी मी जाणार होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. शिंदे बोलणाऱ्यांतले नव्हते. पण त्या वर्षांत लघवीच्या जंतुसंसर्गावर औषध लागू पडत नाही अशा बायका सरकारी दवाखान्यात वरचेवर येत होत्या, आणि हे जंतू येतात कुठून याचा माग काढणाऱ्यांच्या हातात माझा तक्ता पडणार होता. किनारा स्वच्छ आहे असं त्यात लिहिलेलं होतं. ते खोटं होतं. मी आचऱ्याच्या तीन वर्षांच्या प्रत्येक बुधवारवर लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला : ओळखीमुळे दुकानदाराने वेगळा पक्षी दिला, नमुने ग्राह्य धरू नयेत.

साहेबांनी ते कागद एकेक करून उलटले. "तीन वर्षांचा किनारा गेला की, मॅडम," ते म्हणाले. मग त्यांनी सही केली.

इथपर्यंत मी बरोबर वागले. पुढे चुकले. तो कागद जाण्याआधी आचऱ्याला जाऊन बाबलला सगळं सांगायला हवं होतं. मी कोण आहे, मी काय करते, त्याने मला दिलेला कोंबडा उत्तम होता आणि नेमका म्हणूनच तो उपयोगाचा नव्हता. दुकानदाराला सांगायचं नाही, या नियमाच्या आड मी लपले. वास्तविक तो नियम मी सुलूताईच्या चहाबरोबर कधीच पिऊन टाकला होता. खरं कारण एवढंच की मला त्याच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं.

कागद फिरला. कुणीतरी कुणालातरी विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तिठ्यावर बातमी झाली की लॅबवाल्या बाईने बाबलचा कोंबडा नापास केला. त्यात बाबलचा दोष मुळीच नव्हता. त्याच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या इतर सगळ्या दुकानांत येतात तशाच होत्या, गाडीतून यायच्या तेव्हाच ते जंतू घेऊन यायच्या. पण तिठ्यावर एवढं कोण ऐकून घेतो? "राखणेक नेलेलो तोय तसलोच काय रे, बाबल?" असं लोक चेष्टेने विचारू लागले. देवाच्या मानाबद्दल असं कुणी विचारावं, हे त्याला लागलं.

मी पुढच्या बुधवारी गेले. बाबलने वर पाहिलं आणि शुद्ध मराठीत विचारलं,

"काय देऊ मॅडम? किती किलो हवंय?"

आमच्याकडे माणूस कचेरीत गेला की असं बोलतो, साहेबाशी, परक्याशी. तीन वर्षांत तो माझ्याशी त्या भाषेत एकदाही बोलला नव्हता. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पायरीवर बसून ऐकल्या असत्या. मी म्हटलं, "भावजी, माझा ऐकून तरी घेवा." तो म्हणाला, "मागे गिऱ्हाईक उभं आहे मॅडम." मागच्या दाराला कडी होती. मी पेटी उचलून निघून आले. त्यानंतर आचऱ्याला शिंदेच जाऊ लागले.

मी निवृत्त झाले. भाषणं झाली, घड्याळ मिळालं. शिंद्यांची मी तिथे सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि माझी खळी मोजायची पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, "ही तुमची." घड्याळापेक्षा ती मला प्रिय आहे.

निवृत्तीनंतर सोमवार-मंगळवार सोपे जातात. बुधवारी सकाळी माझा पाय आपोआप दाराकडे वळतो. मला प्रयोगशाळेची आठवण येते, उबदार कपाटाच्या वासाची, एसटीतल्या चर्चांची. पण त्याहून जास्त आठवण येते त्या मागच्या पायरीची. "इलंस गो? बस," एवढंच ऐकायला मी किती आसुसले होते, ते घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. कोंबडीवाल्याच्या पायरीसाठी बाई डोळे पुसते म्हटलं तर लोक हसतील. मसुऱ्याच्या बातम्या मात्र मी सवयीने गोळा करत राहिले. कुणाकडे द्यायच्या ते कळत नव्हतं, म्हणून त्या साठत गेल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर मसुऱ्याहून फोन आला की सुलूताईच्या थोरल्या भावाकडे मुलीचं लग्न ठरलं. ही बातमी काही माझ्याच्याने घरात ठेवून घेववली नाही. बुधवार होता. मी आचऱ्याची गाडी पकडली.

पडवीत बाबल एकटाच होता, केस बरेच पांढरे झालेले. मला बघून त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं, तोंड रस्त्याकडे फिरवलं, अगदी मुद्दाम, आणि न बघता आत हात घातला. हाताला लागली ती कोंबडी बाहेर काढली. माझ्यासमोरच कापली, तुकडे केले, पिशवीत भरले. आडोशाला गेला नाही, पाण्याला हात लावला नाही.

"घे," तो म्हणाला. "धुवूक नाय. निवडूक नाय. हाताक लागलो तो दिलंय. ने तुझ्या लॅबात आणि लिव काय ता."

तीन वर्षं मी ज्या पिशवीसाठी त्या पडवीत येत होते, ती आता माझ्या हातात होती. "भावजी," मी म्हटलं, "मी रिटायर झालंय."

"म्हायत आसा माका. तिठ्यावर सगळ्यांका म्हायत आसा." त्याने सुरी पुसली. "मगे? आज बुधवार मां?"

मागच्या दाराची कडी वाजली. सुलूताई बाहेर आली, पदराला हात पुसत. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले, पण आवाज नेहमीचाच होता.

"इलंस गो? बस. चाय ठेवतंय."

मी पायरीवर बसले. भाचीच्या लग्नाची बातमी सांगायला तोंड उघडलं आणि आधी पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. सवयीने पेन घेतलं आणि पिशवीवर चिठ्ठी चिकटवली : आचरा, बुधवार, वेळ. 'नमुना कसा घेतला' याच्यापुढे लिहिलं, हाताला लागेल तो. त्या दुकानाच्या नावापुढे मी हे पहिल्यांदाच खरं लिहीत होते. पुढे नेऊन द्यायला कुठे नव्हतं. मग मी लाल दोऱ्याची सुरी काढली, चिठ्ठी जपून बाजूला ठेवली आणि गॅस पेटवला.